१४.७ चा पट्टा: थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कसा जुळून आला

संशोधनाच्या प्रस्तावात ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द आला की पाठोपाठ नावांची यादी येते. रसायनशास्त्राचे दोघे, यांत्रिकीचा एक, पदार्थविज्ञानाचा एक. यातला कोण कोणाच्या नेमक्या कुठल्या अडचणीत उपयोगी पडणार, हे त्या यादीतून कळत नाही. उत्प्रेरणाच्या, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांच्या क्षेत्रात हे समजून घ्यायचं असेल, तर पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरआधी बसवलेल्या, धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरइतकं बोलकं प्रकरण मला दुसरं दिसत नाही. तो एका प्रयोगशाळेत तयार झाला नाही. तेलशुद्धीकरण, सिरॅमिक्स, मौल्यवान धातूंचं रसायन, विद्युतरसायन, नियंत्रण अभियांत्रिकी आणि कायदा एवढ्यांचा त्याला हात लागला आहे, आणि यातली बरीच माणसं एका टेबलाभोवती कधी बसलीच नाहीत. तरीही काम जुळलं. ते कशाच्या जोरावर, हा या लेखाचा विषय.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजलिसवर डोळे चुरचुरवणारं तपकिरी धुकं साचायला लागलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅल्टेक या कॅलिफोर्नियातल्या तंत्रज्ञान संस्थेतले एरी हागेन-स्मिट यांनी त्याचं कोडं सोडवलं. हे मूळचे वनस्पतींतल्या सुवासिक द्रव्यांचे अभ्यासक; अननसाचा वास कशामुळे येतो, यावर त्यांचं काम चाललं होतं. न जळलेलं हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांवर ऊन पडलं की ओझोन आणि इतर झोंबरी द्रव्यं तयार होतात, आणि या कच्च्या मालाचा मोठा वाटा मोटारींतून येतो, हे त्यांनी दाखवलं. मोटार कंपन्यांना ते बरीच वर्षं पचलं नाही.

उपाय सुचायला मात्र वेळ लागला नाही. तेल शुद्ध करताना उत्प्रेरकाने जड रेणू तोडण्याची पद्धत ज्यांनी यशस्वी केली, त्या युजीन हूद्री यांनी १९५० मध्येच ‘ऑक्सी-कॅटॅलिस्ट’ नावाची कंपनी काढली आणि धूर जाळून टाकणारा उत्प्रेरक बनवला. तो फोर्कलिफ्टसारख्या यंत्रांवर चालला, मोटारींवर चालला नाही. कारण पेट्रोलमध्ये शिसं होतं. इंधन अवेळी पेटून इंजिनात बसणारा ठोका (नॉकिंग) थांबवण्यासाठी टेट्राएथिल लेड घातलं जाई, आणि ते जळल्यावर शिशाची संयुगं उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसून तो निकामी करत. हूद्रींचं रसायन बरोबर होतं, पण इंधन त्यांच्या हातात नव्हतं. एकाच शाखेने प्रश्न सोडवला तर काय होतं, याचं हे पहिलं उत्तर.

सहकार्य म्हटलं की ते आपोआप चांगलंच असतं असं आपण धरून चालतो, म्हणून एक गोष्ट इथेच सांगायला हवी. १९५० च्या दशकात अमेरिकी मोटार कंपन्यांनी प्रदूषण कमी करणाऱ्या तंत्राचे पेटंट एकमेकांना वापरू द्यायचा करार केला होता. वरून पाहिलं तर हे आदर्श सहकार्य. पण कोणीही इतरांच्या पुढे जायचं नाही, उपकरणं लवकर बाजारात आणायची नाहीत, यासाठीच ते एकत्र आले, असा आरोप ठेवून अमेरिकी न्याय खात्याने १९६९ मध्ये त्यांच्यावर खटला भरला. खटला चालला नाही. असं वागणार नाही, अशा हमीवर त्याच वर्षी तडजोड झाली. दुसरीकडे १९६७ मध्ये फोर्ड आणि मोबिल यांनी मिळून इंधन आणि इंजिन एकत्र तपासण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यात अमेरिकेबाहेरच्याही मोटार कंपन्या आल्या. तो प्रामाणिक कामाचा होता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत होते.

फरक पाडला तो १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने. त्यातून निघालेले आकडे या क्षेत्रातल्या माणसांना आजही तोंडपाठ असतात: दर मैलाला हायड्रोकार्बन ०.४१ ग्रॅम, कार्बन मोनॉक्साइड ३.४ ग्रॅम, नायट्रोजन ऑक्साइडं ०.४ ग्रॅम. पहिले दोन १९७५ च्या गाड्यांना, तिसरा १९७६ च्या. शिवाय हे ५०,००० मैल टिकलं पाहिजे. मोजायचं कसं, तेही ठरलेलं: गाडी रोलरवर चढवायची, शहरी रस्त्यासारख्या ठरावीक क्रमाने वेग वाढवायचा-कमी करायचा आणि निघालेला वायू पिशव्यांत गोळा करून तपासायचा. थंड इंजिन चालू केल्यापासूनचा धूर त्यात धरायचा. आकड्यांइतकीच ही चाचणी महत्त्वाची ठरली, असं माझं मत आहे. सिरॅमिकवाला, धातूवाला आणि कार्ब्युरेटरवाला (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग करणारा), तिघांच्याही कामाचा निकाल त्या एका पिशवीत लागणार होता.

शिसं आणि नोझल

जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी १९७० च्या सुरुवातीलाच जाहीर केलं की उत्प्रेरक बसवायचा असेल तर पेट्रोलमधून शिसं काढावं लागेल. टेट्राएथिल लेडचा गुण १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना सापडला होता, आणि ते विकणारी एथिल कंपनी स्टँडर्ड ऑइलबरोबर काढण्यातही जनरल मोटर्सचा वाटा होता. (त्यांनी ती १९६२ मध्ये विकली.) शिशाचा उद्योग या घोषणेने संतापला. पुढे अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने (ईपीए) नियम केला: जुलै १९७४ पासून मोठ्या पंपांवर बिनशिशाचं पेट्रोल मिळालंच पाहिजे.

नियमाने काम भागलं नाही, कारण शिशाचं पेट्रोल स्वस्त होतं आणि जुन्या गाड्यांसाठी ते चालूच राहणार होतं. मग पंपावरचं बिनशिशाचं नोझल बारीक केलं आणि नव्या गाडीच्या टाकीचं तोंड अरुंद केलं, म्हणजे शिशाच्या पेट्रोलचं जाड नोझल आत शिरायलाच नको. शिशाच्या विषापासून उत्प्रेरकातल्या प्लॅटिनमला वाचवायला बऱ्याच अंशी धातूची एक अरुंद कड कामी आली. उत्प्रेरकाच्या इतिहासात या कडेचा उल्लेख फारसा येत नाही. तिचं काम कुठल्याही नव्या धातुमिश्रणापेक्षा कमी नव्हतं.

वीट

आता प्रश्न प्लॅटिनम बसवायचं कशावर, हा. जनरल मोटर्सने पहिल्या पिढीत अॅल्युमिनाच्या गोळ्या भरलेला चपटा डबा वापरला. रासायनिक कारखान्यातल्या उत्प्रेरकाची तीच परंपरा. पण गाडी हादरते, गोळ्या घासून झिजतात, आणि धुराला वाट काढायला जोर लागतो. दुसरा मार्ग होता आरपार नळ्या असलेल्या एकसंध सिरॅमिक विटेचा. या धंद्यात तिला वीटच म्हणतात.

न्यूयॉर्क राज्यातली कॉर्निंग ही काचेची कंपनी. मोटारीच्या पुढच्या काचेसाठी तिची जनरल मोटर्सशी बोलणी चालली होती. काचेचं जमलं नाही, पण धुराच्या उष्णतेत टिकेल असा पदार्थ हवा आहे, हे त्या बोलण्यातून कळलं. तिथल्या रॉडनी बॅग्ली, अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुईस या तिघांनी हा प्रश्न वाटून घेतला, आणि तो कसा वाटला ते पाहण्यासारखं आहे.

बॅग्लींनी साचा केला. पोलादाचा जाड ठोकळा. त्याच्या मागच्या बाजूने गोल भोकं पाडलेली, पण आरपार नाहीत, अर्ध्यापर्यंतच. पुढच्या बाजूने उभ्या-आडव्या अतिशय बारीक चिरा कापलेल्या, त्याही अर्ध्यापर्यंत. भोकं आणि चिरा मध्ये भेटतात. मागून दाबलेला ओला सिरॅमिक लगदा भोकांतून येतो, चिरांत शिरला की बाजूला पसरतो, शेजारच्या भोकातून आलेल्या लगद्याला चिकटतो आणि पुढून एकसंध जाळी होऊन बाहेर पडतो. तत्त्व चकलीच्या सोऱ्याचंच, फक्त इथे हवी असते ती भोकांमधली भिंत, आणि तीही सांधा न दिसता.

लॅकमन आणि लुईस यांचा प्रश्न वेगळा होता. थंडीत सुरू केलेली गाडी काही मिनिटांत विटेला शेकडो अंशांवर नेते. साधं सिरॅमिक अशा वेळी तडकतं. त्यांनी मॅग्नेशिया, अॅल्युमिना आणि सिलिका यांचं कॉर्डिएराइट हे संयुग निवडलं. तापल्यावर ते मुळातच कमी प्रसरण पावतं. पण तेवढं पुरेसं नव्हतं. पुढचं यश साच्यातून आलं. कच्च्या मालातली चिकणमाती आणि शंखजिरं यांचे कण चपटे असतात. चिरेतून दाबले जाताना ते भिंतीला समांतर झोपतात, आणि भाजताना कॉर्डिएराइटचे स्फटिक त्याच कलाने वाढतात. त्यामुळे नळीच्या दिशेचं प्रसरण आणखी घटतं. ओतून किंवा दाबून केलेल्या कॉर्डिएराइटमध्ये हा गुण तसा आला नसता. आकार देणाऱ्याने पदार्थाचा गुणधर्म बदलला. याला मी खरं आंतरविद्याशाखीय फळ म्हणतो: ते एकट्या बॅग्लींच्या वहीत नव्हतं आणि एकट्या लॅकमन यांच्याही नाही.

चौरस इंचाला दोन-तीनशे नळ्यांपासून सुरुवात झाली. पुढे ४०० नळ्या आणि सुमारे ०.१७ मिलिमीटरची भिंत हे माप रुळलं. विटेचं स्वतःचं पृष्ठफळ उत्प्रेरणाला अगदी तोकडं, म्हणून तिच्यावर अॅल्युमिनाचा थर चढवतात. त्याला वॉशकोट म्हणतात, आणि त्याच्या एका ग्रॅममध्ये शंभर चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो. धातूचे कण त्यात विखुरलेले. इथे रसायनवाल्यांनी सिरॅमिकवाल्यांना दोन अटी घातल्या. भिंत सच्छिद्र हवी, म्हणजे वॉशकोट धरून राहील. आणि मातीत सोडियमसारखे अल्कली धातू नकोत, कारण ते तापल्यावर सरकत वर येतात आणि उत्प्रेरक बिघडवतात. पहिली अट मजबुतीच्या विरोधात जाते. किती भोकं आणि किती ताकद, याचा सौदा दोघांना बसून ठरवावा लागला.

१९७५ च्या अमेरिकी गाड्या हे कन्व्हर्टर घेऊन रस्त्यावर आल्या. त्याआधी १९७३ मध्ये पर्यावरण संस्थेचे प्रमुख विल्यम रकल्सहाउस यांना एका वर्षाची मुदतवाढ द्यावी लागली होती, पण सोबत तात्पुरत्या मर्यादा घालून त्यांनी दार बंद होऊ दिलं नाही. होंडाने तर उत्प्रेरकाशिवायच नव्या रचनेच्या इंजिनाने मर्यादा गाठून दाखवली होती, त्यामुळे ‘हे अशक्य आहे’ असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

तिसरा वायू

या पहिल्या कन्व्हर्टरने फक्त जाळण्याचं काम केलं. हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड यांना ऑक्सिजन द्यायचा, संपलं. नायट्रिक ऑक्साइडचं उलट आहे: त्याचा ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. एकाच धुरात एकाला द्यायचं आणि दुसऱ्याकडून काढायचं, हे कसं करायचं?

पहिला विचार सरळ होता. दोन विटा ठेवा. पहिलीत ऑक्सिजन कमी ठेवून नायट्रिक ऑक्साइड तोडा, मग मध्ये हवा सोडा, दुसरीत उरलेलं जाळा. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात पहिल्या विटेत हायड्रोजन असल्याने नायट्रिक ऑक्साइडचा बराच भाग नायट्रोजन होण्याऐवजी अमोनिया होई, आणि दुसऱ्या विटेत तो अमोनिया जळून पुन्हा नायट्रिक ऑक्साइड. फोर्डच्या प्रयोगशाळेत मॉर्देकाय शेलेफ आणि हरेन गांधी यांनी रुथेनियम या धातूचा मार्ग तपासला; रुथेनियम अमोनिया फारसा होऊ देत नाही. पण ऑक्सिजन मिळाला की त्याचं ऑक्साइड उडून जातं. ते बांधून ठेवायचे प्रयत्न झाले, पण गाडीत टिकेल असं काही निघालं नाही.

हरेन गांधी यांचा जन्म कोलकात्याचा आणि पदवी मुंबई विद्यापीठाची, १९६३ ची. १९६७ मध्ये ते फोर्डमध्ये लागले आणि नोकरी करतच डेट्रॉइटमध्ये डॉक्टरेट केली. त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल.

दुसरा विचार न्यू जर्सीतल्या एंगलहार्ड कंपनीत पुढे गेला. तिथे कार्ल कीथ आणि जॉन मूनी काम करत. पेट्रोल आणि हवा यांचं वजनी प्रमाण बरोबर १ ला १४.७ ठेवलं, म्हणजे सगळं इंधन जळायला जेवढी हवा लागते तेवढीच दिली, तर धुरात ऑक्सिजन देणारे आणि घेणारे नेमके जुळतात. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइडच नायट्रिक ऑक्साइडचा ऑक्सिजन काढून घेतो आणि दोघेही निरुपद्रवी होतात. यात ऱ्होडियम या धातूचं काम मोठं. एकाच विटेवर तीनही वायू! यालाच थ्री-वे म्हणतात. पण आलेख पाहिला तर तिन्हींची कार्यक्षमता एकाच वेळी वर असते ती एका अरुंद पट्ट्यात. हवा थोडी जास्त झाली की नायट्रिक ऑक्साइड सुटतं, थोडी कमी झाली की बाकीचे दोन. त्या काळचा कार्ब्युरेटर या पट्ट्यात गाडी ठेवू शकतच नव्हता.

एंगलहार्डच्या रसायनज्ञांना इथे दोन वाटा होत्या: उत्प्रेरक बदलत राहून पट्टा रुंद करायचा, किंवा इंजिन अरुंद पट्ट्यात ठेवेल असा कोणीतरी शोधायचा. दुसऱ्या वाटेवरची माणसं जर्मनीत, बॉशमध्ये होती. स्पार्क प्लग बनवून सिरॅमिकचा हात बसलेल्या या कंपनीने धुरातला ऑक्सिजन ओळखणारा, झिर्कोनिया या सिरॅमिकचा संवेदक (सेन्सर) बनवला. यिट्रियम ऑक्साइड मिसळलेला झिर्कोनिया तापल्यावर त्यातून ऑक्सिजनचे आयन जातात. एक टोपी, आत बाहेरची हवा, बाहेर धूर, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर. हवा कमी असली की साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट, जास्त असली की ०.१ च्या आसपास, आणि १४.७ च्या ठिकाणी एकदम उडी. ही उडी एवढी तीव्र का? तर त्या प्लॅटिनमच्या थरावरच धुरातला उरलेला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड एकमेकांना संपवतात, म्हणून. संवेदकसुद्धा उत्प्रेरकाच्या जोरावर चालतो.

तिसरा धागा स्वीडनमधला. व्होल्वोने बॉशचा संवेदक, बॉशचीच इंधन-फवारणी आणि थ्री-वे वीट एकत्र आणून १९७७ च्या मॉडेलची गाडी कॅलिफोर्नियात उतरवली. नायट्रोजन ऑक्साइडांच्या ०.४ ग्रॅमच्या मर्यादेला डेट्रॉइटच्या मोटार कंपन्या अवास्तव म्हणत होत्या. ही गाडी तिच्या बरीच खाली गेली.

चूक शोषून घेणारा पदार्थ

या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आता येतो. संवेदक फक्त ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढंच सांगतो. त्यावरून नियंत्रक इंधन बदलतो, पण सिलिंडरातून निघालेला धूर संवेदकापर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर नियंत्रक पुढे गेलेला असतो. परिणाम असा की मिश्रण १४.७ वर स्थिर राहत नाही. साधारण सेकंदाला एकदा इकडून तिकडे झोके घेतं. नियंत्रणवाल्यांच्या लेखी हा दोष. तो पूर्ण घालवता येत नाही, कारण तो वायूच्या प्रवासाचा आहे.

गांधी, शेलेफ आणि त्यांच्या फोर्डमधल्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडलं की उत्प्रेरकाची परीक्षा स्थिर मिश्रणावर घेण्यात अर्थ नाही, ती झोक्यांवरच घ्यायला हवी; आणि वॉशकोटमध्ये ऑक्सिजन साठवणारा घटक घालावा. सेरियम ऑक्साइड हे काम करतं. हवा जास्त असली की ते ऑक्सिजन धरून ठेवतं, कमी झाली की सोडतं. म्हणजे धातूच्या कणांना सरासरीने १४.७ च दिसतं. नियंत्रणवाल्यांच्या हाताबाहेरचा दोष रसायनवाल्यांनी आपल्या थरात मुरवून घेतला. हे सुचायला दुसऱ्याच्या अडचणीचा आलेख आपल्या टेबलावर ठेवावा लागतो. शुद्ध वायूंच्या स्थिर मिश्रणावर छान आकडे मिळवणाऱ्या प्रयोगशाळेला सेरियमची गरज कधीच कळली नसती. पुढे झिर्कोनिया मिसळून सेरियम जास्त तापमानाला टिकाऊ केलं, आणि आजही तोच पदार्थ वापरात आहे.

२००२ चं अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक गांधींना, तसंच कीथ आणि मूनी यांना मिळालं. कॉर्निंगच्या तिघांना ते २००३ चं. ज्या कंपन्या एकमेकींच्या ग्राहक, पुरवठादार किंवा स्पर्धक होत्या, त्यांची ही माणसं. त्यांच्यात पेटंटं होती, गुप्तता होती, किमतीची ओढाताण होती. मैत्रीने हे काम झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. एकाच चाचणीवर सगळ्यांचा निकाल लागत होता, आणि अडचण दुसऱ्याच्या शाखेतली असली तरी तिचे आकडे स्पष्ट मिळत होते. मला वाटतं एवढ्या दोन गोष्टी होत्या म्हणून वेगळं राहूनही ते एकत्र काम करू शकले.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. उत्प्रेरक पेट्रोलमधल्या गंधकापासून सल्फ्युरिक आम्लाचे थेंब तयार करतो, या भीतीने १९७५ च्या सुमारास कन्व्हर्टरच रद्द होतो की काय अशी वेळ आली. जनरल मोटर्सने चाचणी-मार्गावर गाड्यांचा ताफा पळवून हवा मोजली, तेव्हा भीती निवळली. आणि नायट्रोजन ऑक्साइडांची ०.४ ची मर्यादा १९७७ मध्ये सैल करून १९८१ च्या गाड्यांसाठी १ ग्रॅम केली गेली. ती गाठता येते हे व्होल्वोने दाखवल्यानंतर हे झालं, याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे

भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे बिनशिशाचं पेट्रोल आलं. देशभर ते पोचलं फेब्रुवारी २००० मध्ये. मधल्या पाच वर्षांत मुंबईची गाडी घेऊन गावी गेलेला माणूस वाटेत कुठलं पेट्रोल भरत होता, याचा विचार केला की नोझलच्या त्या अरुंद कडेचं महत्त्व पटतं. तंत्रज्ञान चार शहरांत आणलं आणि इंधन बाकी देशात जुनंच ठेवलं. हूद्रींची अडचण आपण पुन्हा उभी केली.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, पेट्रोलमधलं गंधक दहा लाखात १० भागांवर आलं आणि बहुतेक स्कूटर-मोटरसायकलींचा कार्ब्युरेटर गेला. १९७७ मध्ये व्होल्वोत जी जुळणी होती, म्हणजे संवेदक, फवारणी आणि उत्प्रेरक, तीच आता आपल्या बहुतेक दुचाकींत आहे. नव्या मोटारींत तर विटेच्या पलीकडच्या टोकाला दुसरा ऑक्सिजन संवेदक असतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो तेव्हा पडद्यावर दोन रेषा दिसतात. पहिल्या संवेदकाची रेषा वर-खाली झोके घेते, ती तशीच घ्यायला हवी. दुसरीची जवळजवळ सपाट असली तर सेरियम अजून ऑक्सिजन साठवतं आहे, वीट चांगली. दुसरीही पहिलीसारखेच झोके घ्यायला लागली, की साठवण संपली आणि ‘ओटू सेन्सर ठीक आहे, कॅटॅलिटिक गेला’ असं तो सांगतो. प्लॅटिनम किती उरलं, ऱ्होडियम किती उरलं, हे गाडीत मोजता येत नाही. उत्प्रेरकाचं आयुष्य ठरतं ते नियंत्रकाचे झोके तो अजून किती पचवतो यावरून.